इंग्रजीतील ‘ट्रबल’: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ट्रबल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

शब्दकोशात त्रास, अडचण, संकट, कष्ट, चिंता, बिघाड, तसदी, अशांतता असे अनेक अर्थ एकापुढे एक दिलेले आढळतात, आणि ते सगळे बरोबर असूनही वाचणाऱ्याचा प्रश्न मात्र सुटत नाही, कारण यांपैकी कोणता अर्थ कधी घ्यायचा हे त्या यादीवरून कळत नाही. इंग्रजीने जे एकाच शब्दात कोंबले आहे ते मराठी पाच-सहा वेगवेगळ्या शब्दांत वाटून बोलते. म्हणून ‘ट्रबल’ला सुटे न पाहता त्याच्या आजूबाजूला कोणते शब्द आले आहेत ते आधी पाहावे. ‘इन ट्रबल’, ‘हॅव ट्रबल’, ‘टेक द ट्रबल’ आणि ‘द ट्रबल इज’ या चार रचनांचे मराठी चार निरनिराळ्या शब्दांनी होते, आणि त्यांतील तिघांना तर ‘त्रास’ हा शब्द लागतच नाही.

स्पेलिंग आणि उच्चार यांत इतका फरक का वाटतो?

टी, आर, ओ, यू, बी, एल, ई ही अक्षरे पाहून ‘ट्राउबल’ किंवा ‘ट्रूबल’ असे वाचण्याचा मोह होतो. येथे ‘ओ-यू’चा उच्चार आखूड ‘अ’सारखा आहे. ‘डबल’, ‘कपल’, ‘टच’ आणि ‘यंग’ या शब्दांतही तीच दोन अक्षरे त्याच उच्चाराने येतात. शेवटच्या ‘ई’चा उच्चार होत नाही.

हा शब्द इंग्रजीत कुठून आला?

तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमधील ‘टुर्बा’ म्हणजे गर्दी, गोंधळ, आणि ‘टुर्बिडुस’ म्हणजे गढूळ, ढवळलेले. ‘डिस्टर्ब’ आणि ‘टर्ब्युलंट’ हे आपल्या ओळखीचे शब्द याच कुळातले. म्हणजे स्वच्छ पाणी ढवळले की तळाचा गाळ वर येतो, ही या शब्दामागची मूळ कल्पना. दुःख आणि अडचण हे अर्थ त्यावर नंतर चढले.

जुन्या इंग्रजी लेखनात हा मूळ अर्थ अजून दिसतो. इंग्लंडमध्ये १६११ साली प्रसिद्ध झालेल्या, राजा जेम्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात, योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याच्या प्रसंगी देवदूत खाली उतरून पाणी ‘ट्रबल’ करतो. आजच्या अर्थाने वाचले तर देवदूत पाण्याला त्रास देतो असे विचित्र वाक्य तयार होईल, परंतु तेथे अभिप्रेत आहे ते केवळ पाणी ढवळणे. आजच्या इंग्रजीत हा अर्थ मुख्यतः ‘ट्रबल्ड वॉटर्स’ या जोडशब्दापुरता उरला आहे. ‘फिशिंग इन ट्रबल्ड वॉटर्स’ असे कोणाबद्दल म्हटले की तो इतरांच्या गोंधळातून स्वतःचा फायदा काढतो आहे असे समजावे; आपल्याकडची ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण त्याच्या बरीच जवळ जाते, फक्त इंग्रजी प्रयोगातला तिसरा माणूस अधिक हेतुपुरस्सर वागतो.

‘डिफिकल्टी’, ‘प्रॉब्लेम’, ‘हार्डशिप’ आणि ‘ट्रबल’ यांत फरक कसा करावा?

‘डिफिकल्टी’ म्हणजे एखादे काम सहजपणे न होणे. तो थंड, औपचारिक शब्द आहे, आणि बँकेच्या पत्रात किंवा अर्जात तोच शोभतो. ‘प्रॉब्लेम’ला उत्तर असते, निदान असावे अशी अपेक्षा असते, म्हणूनच गणितातल्या उदाहरणालाही इंग्रजीत ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. ‘हार्डशिप’ हा दीर्घकाळच्या हालअपेष्टांचा शब्द आहे. दुष्काळात होरपळलेल्या कुटुंबाची स्थिती किंवा दुर्गम भागातील नेमणुकीबद्दल मिळणारा विशेष भत्ता यांच्या संदर्भात तो येतो. कुलूप उघडत नसेल तर त्याला कोणी ‘हार्डशिप’ म्हणत नाही.

‘ट्रबल’ या तिघांपेक्षा अधिक घरगुती आणि अधिक लवचीक आहे. कुलूप न उघडणे, मुलाचे शाळेतले प्रताप, कंपनीचे दिवाळे आणि एखाद्या देशातील दंगल या साऱ्यांना तो पुरतो. शिवाय त्यात भावनेचा अंश असतो. ‘फायनान्शिअल डिफिकल्टी’ म्हटले की पैशांची तूट डोळ्यांपुढे येते, तर ‘फायनान्शिअल ट्रबल’ म्हटले की त्या तुटीमुळे आता काहीतरी वाईट घडणार आहे अशी चाहूल लागते. वृत्तपत्रातील अर्थविषयक पानावर एखादी कंपनी ‘इन ट्रबल’ असल्याचे वाचले तर ती केवळ अडचणीत नसून धोक्यात आहे असा अर्थ घ्यावा.

‘अ ट्रबल’ असे म्हणता येते का? ‘ट्रबल्स’ हे अनेकवचन चालते का?

सामान्य वापरात ‘ट्रबल’ हे न मोजता येणारे नाम आहे, त्यामुळे ‘आय ॲम इन अ ट्रबल’ किंवा ‘आय ॲम फेसिंग अ ट्रबल’ ही वाक्ये चुकीची ठरतात. मराठीत ‘एक अडचण आहे’ असे सहज म्हणता येते, म्हणून ही चूक आपल्याकडून वारंवार होते. एकच अडचण सांगायची असेल तर ‘अ प्रॉब्लेम’ म्हणावे. प्रमाण सांगायचे झाल्यास ‘अ लॉट ऑफ ट्रबल’, ‘अ बिट ऑफ ट्रबल’, ‘सम ट्रबल’ असे म्हणतात. ‘मेनी ट्रबल’ म्हणत नाहीत.

‘ट्रबल्स’ हे अनेकवचन मात्र आहे, आणि त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. माणसाच्या आयुष्यातील चिंता आणि विवंचना एकत्रितपणे सांगताना ते येते, म्हणजे ‘टेल मी युवर ट्रबल्स’ याचे मराठी ‘तुमचे गाऱ्हाणे सांगा’ असे करता येईल. संगणकावर तीन वेगवेगळ्या चुका दिसत असतील तर त्यांना ‘थ्री ट्रबल्स’ म्हणू नये, ‘थ्री प्रॉब्लेम्स’ म्हणावे.

‘इन ट्रबल’ आणि ‘इन प्रॉब्लेम’ यांपैकी बरोबर काय?

‘इन ट्रबल’ बरोबर आहे. ‘आय ॲम इन प्रॉब्लेम’ हे ‘मी अडचणीत आहे’ या मराठी वाक्याच्या साच्यावर बेतलेले इंग्रजी आहे, आणि ते भारताबाहेर खटकते. अर्थाच्या दृष्टीने मात्र ‘इन ट्रबल’कडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण त्याचे दोन वेगळे पदर आहेत. पहिला संकटाचा आहे, म्हणजे समुद्रात बुडू लागलेला पोहणारा ‘इन ट्रबल’ असतो. दुसरा पदर शिक्षेचा आहे. शाळेतला मुलगा ‘आय ॲम इन ट्रबल’ म्हणतो तेव्हा त्याला दुःख झालेले नसते, तर आता बाई रागावणार किंवा घरी बोलणी बसणार असे त्याला सांगायचे असते. ‘इन ट्रबल विथ द पोलीस’ म्हणजे पोलिसांच्या मदतीने अडचणीतून सुटणे नव्हे, पोलिसांचा ससेमिरा मागे लागणे होय. येथे ‘विथ’चा अर्थ ‘सोबत’ असा घेतला की वाक्याचा अर्थ पार उलटतो.

याच रचनेत एक जुनी खोच दडलेली आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत एखाद्या तरुणाने एखाद्या मुलीला ‘इनटु ट्रबल’ आणले असे वाचायला मिळाले, तर ती अविवाहित असताना गरोदर राहिली हे लेखक आडपडद्याने सांगत असतो. हा प्रयोग आज जुनाट झाला आहे, तरी जुने साहित्य वाचणाऱ्याला तो ठाऊक नसेल तर पुढच्या चार प्रकरणांतले घरातल्यांचे वागणे त्याला कोडेच वाटेल.

‘हॅव ट्रबल’ या रचनेनंतर क्रियापदाचे कोणते रूप येते?

येथे ‘-इंग’ रूप येते. ‘आय हॅव ट्रबल स्लीपिंग’ हे बरोबर आहे, तर ‘आय हॅव ट्रबल टु स्लीप’ हे चूक. चुकीचे कारण आपल्या भाषेच्या रचनेत सापडते. ‘मला जिने चढायला त्रास होतो’, ‘वाचायला अडचण येते’ अशा वाक्यांत आपण ‘-आयला’ हे रूप वापरतो, आणि इंग्रजीत जाताना त्याची जागा आपोआप ‘टु’ने भरतो. मराठी वाक्य मनात तयार होताच ‘-आयला’ कानावर पडले, तर तेथेच थांबून ‘-इंग’ लावण्याची सवय करावी. पुढे क्रियापद नसून नाम असेल तर ‘विथ’ वापरावे, जसे ‘ट्रबल विथ मॅथ्स’. ‘डिफिकल्टी’ची रचनाही अशीच आहे, फक्त तिच्यानंतर औपचारिक लेखनात ‘इन’ घालण्याची पद्धत आहे.

मग ‘टेक द ट्रबल टु’ यात ‘टु’ कसे चालते?

कारण तेथे ‘ट्रबल’चा अर्थच बदललेला असतो. ‘हॅव ट्रबल’मध्ये अडचण माणसाच्या वाट्याला येते, ‘टेक द ट्रबल’मध्ये माणूस आपण होऊन कष्ट घेतो. ‘शी टुक द ट्रबल टु राइट टु एव्हरी गेस्ट’ याचा अर्थ ‘तिला पत्रे लिहायला त्रास झाला’ असा नाही. तिने प्रत्येक पाहुण्याला आठवणीने पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले असा आहे, आणि त्यात तक्रारीचा नव्हे, कौतुकाचा सूर आहे. शिकणाऱ्यांचे सर्वाधिक अडखळणे मला याच ठिकाणी दिसते, कारण ‘ट्रबल’ म्हणजे काहीतरी वाईट हे डोक्यात इतके पक्के असते की कौतुकाचे वाक्यही तक्रारीसारखे वाचले जाते.

मराठीत या अर्थाला ‘तसदी’ हा शब्द नेमका बसतो. ‘तसदी घेणे’, ‘तसदी देणे’ आणि ‘एवढीही तसदी घेतली नाही’ हे तिन्ही प्रयोग अनुक्रमे ‘टेक द ट्रबल’, ‘पुट समवन टु ट्रबल’ आणि ‘डिड नॉट ईव्हन टेक द ट्रबल’ यांच्याशी जवळजवळ अक्षरशः जुळतात. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी डोकेदुखीची कल्पना आहे, हे कळल्यावर जुन्या पत्रांतील ‘आपणांस तसदी देत आहे’ ही नम्रता जरा गमतीची वाटू लागते.

याच कुटुंबातील आणखी काही रचना आहेत. ‘गो टु द ट्रबल ऑफ’ यानंतर पुन्हा ‘-इंग’ येते, आणि मुद्दाम वाकडी वाट करून कष्ट घेतल्याची छटा त्यात असते. ‘सेव्ह मी द ट्रबल’ म्हणजे माझे कष्ट वाचवा. ‘मोअर ट्रबल दॅन इट्स वर्थ’ म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. ‘विदाउट एनी ट्रबल’ म्हणजे विनासायास. कोणी आभार मानल्यावर ‘नो ट्रबल ॲट ऑल’ असे उत्तर दिले जाते. मराठी माणूस त्या जागी ‘अहो, त्यात काय एवढे!’ म्हणतो, आणि भाषांतर करताना तेच लिहावे. ‘अजिबात त्रास नाही’ हे शब्दशः रूप कोणत्याही मराठी घरात कानावर येत नाही.

‘ही इज ट्रबलिंग मी’ हे वाक्य बरोबर आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, पण ते ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाने इंग्लंड-अमेरिकेत फारसे वापरले जात नाही. इंग्रजी माध्यमाच्या आपल्या शाळांत ‘टीचर, ही इज ट्रबलिंग मी’ ही तक्रार रोज ऐकू येते, आणि तिच्यामागे ‘बाई, हा मला त्रास देतोय’ हे स्वच्छ मराठी असते. खोड्या काढणे, छळणे या अर्थी तेथे ‘बॉदर’, ‘टीझ’ किंवा ‘पिक ऑन’ ही क्रियापदे येतात. भारतीय इंग्रजीत हा वापर इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्यापेक्षा प्रादेशिक प्रयोग म्हणणे मला योग्य वाटते. परदेशी वाचकासाठी लिहिताना मात्र तो टाळावा.

क्रियापद म्हणून ‘ट्रबल’ मुख्यतः दोन ठिकाणी सहज येते. एक म्हणजे मनाला लागलेली काळजी. ‘व्हॉट इज ट्रबलिंग यू?’ म्हणजे तुला कोण छळते आहे असे नव्हे, तुझ्या मनाला काय टोचते आहे असे. दुसरे म्हणजे दुखणे. ‘माय नी इज ट्रबलिंग मी’ हे वाक्य कोठल्याही इंग्रजी भाषकाला स्वाभाविक वाटेल.

कोणाची क्षमा मागताना कोणती रचना वापरावी?

काम सांगण्याआधी ‘सॉरी टु ट्रबल यू’ म्हणतात, आणि काम झाल्यावर किंवा समोरच्याला ताप झाल्यावर ‘सॉरी फॉर द ट्रबल’ म्हणतात. ‘मे आय ट्रबल यू फॉर द सॉल्ट?’ हे जेवणाच्या टेबलावरचे वाक्य आता फारच जुन्या वळणाचे वाटते. संस्थेने लोकांची क्षमा मागायची असेल तेव्हा ‘ट्रबल’ची जागा ‘इन्कन्व्हीनियन्स’ घेतो. खोदलेल्या रस्त्यावरच्या फलकावर मराठीत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे असते, ‘त्रासाबद्दल’ असे नसते, त्यामागेही हाच औपचारिकपणा आहे.

आजार आणि यंत्रातील बिघाड यांसाठी हा शब्द कसा वापरतात?

अवयवाचे किंवा यंत्राचे नाव आधी आणि ‘ट्रबल’ नंतर, इतकी ही रचना सोपी आहे. ‘हार्ट ट्रबल’ म्हणजे हृदयाचा विकार आणि ‘इंजिन ट्रबल’ म्हणजे इंजिनातील बिघाड. शरीराबाबत आपला ‘त्रास’ येथे चपखल बसतो, कारण आपणही ‘त्यांना हृदयाचा त्रास आहे’ असेच म्हणतो. वैद्यकीय अहवालात मात्र हा शब्द नसतो, तेथे रोगाचे नावच लिहिले जाते.

‘द ट्रबल्स’ असे विशेषनामासारखे लिहिलेले आढळते, ते काय आहे?

आयर्लंडच्या इतिहासात या नावाला विशिष्ट अर्थ आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटलेला आणि साधारणपणे १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारापर्यंत चाललेला सशस्त्र संघर्ष ‘द ट्रबल्स’ या नावाने ओळखला जातो. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे, बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि संयुक्त आयर्लंड मागणारे, बहुतांशी कॅथलिक, असे दोन समाज, त्यांच्या सशस्त्र संघटना, पोलीस आणि ब्रिटिश लष्कर यांच्यातील या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. बाँबस्फोट, हत्या आणि लष्करी गोळीबार यांनी भरलेल्या तीन दशकांना ‘अडचणी’ म्हटल्यासारखे हे नाव वाटते, आणि युद्धाला युद्ध न म्हणण्याची त्यातली सोय लक्षात घेतली तर ते तितकेसे निरागसही राहत नाही. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा, म्हणजे १९१९ ते १९२१ या वर्षांचा काळही पूर्वी याच शब्दाने सांगितला जात असे. मराठीत लिहिताना ‘उत्तर आयर्लंडमधील संघर्ष’ असा अर्थ द्यावा आणि पहिल्या उल्लेखात ‘द ट्रबल्स’ हे नाव ठेवावे. ‘त्रास’ किंवा ‘समस्या’ असे भाषांतर करू नये.

रशियाच्या इतिहासात १५९८ ते १६१३ या अराजकाच्या काळाला इंग्रजीत ‘टाइम ऑफ ट्रबल्स’ म्हणतात. त्यासाठी असलेला ‘स्मूता’ हा रशियन शब्दही पाणी गढूळ करण्याच्या धातूशी नाते सांगतो.

‘ट्रबल्ड’, ‘ट्रबलिंग’ आणि ‘ट्रबलसम’ यांत गोंधळ होतो. फरक काय?

‘ट्रबल्ड’ म्हणजे जो स्वतः अस्वस्थ आहे तो, ‘ट्रबलिंग’ म्हणजे जे इतरांना अस्वस्थ करते ते, आणि ‘ट्रबलसम’ म्हणजे जे पुन्हा पुन्हा कटकट निर्माण करते ते. ‘अ ट्रबल्ड चाइल्ड’ हे मनाने होरपळलेले मूल असते, तर ‘अ ट्रबलसम चाइल्ड’ हे घरच्यांच्या नाकी नऊ आणणारे असते. शाळेच्या अहवालात यांची अदलाबदल झाली तर ज्या मुलाला आधार हवा त्याच्यावर उपद्रवीपणाचा शिक्का बसतो. नुसते ‘ही इज ट्रबल’ असेही म्हणतात. त्याचे मराठी ‘तो म्हणजे ब्याद आहे’ असे होईल.

‘ट्रबलमेकर’ म्हणजे कळ लावणारा, उपद्व्यापी माणूस. ‘ट्रबलशूटर’ हा त्याचा विरोधी शब्द. तार आणि टेलिफोनच्या वाहिन्यांतील दोष शोधून दुरुस्त करणाऱ्या कामगारांसाठी तो सुरुवातीला वापरला गेला, आणि आता संकटमोचक मुत्सद्द्यांनाही लावला जातो. यंत्रे व संगणक यांच्या संदर्भात ‘ट्रबलशूटिंग’ला मराठीत दोषनिवारण म्हणता येते.

नेहमी भेटणारे वाक्प्रचार कोणते?

‘आस्किंग फॉर ट्रबल’ म्हणजे विकतचे दुखणे घेणे, आणि ‘लुकिंग फॉर ट्रबल’ म्हणजे कुरापत काढायला निघणे. दोन्ही सारखे दिसले तरी पहिल्यात मूर्खपणा आहे आणि दुसऱ्यात खुमखुमी. ‘बॉरोइंग ट्रबल’ हा अमेरिकी प्रयोग न आलेल्या संकटाची चिंता आधीच करत बसणाऱ्यासाठी आहे. ‘टीदिंग ट्रबल्स’मध्ये बाळाला दात येतानाच्या कुरबुरींची उपमा असून नवा रेल्वेमार्ग किंवा नवी संगणकप्रणाली सुरू होताना येणाऱ्या किरकोळ अडचणींना ते नाव देतात. ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ हे त्याचे भाषांतर म्हणून सुचवले जाते, परंतु ते योग्य नाही, कारण त्यात अपशकुनाची छटा आहे, तर इंग्रजी प्रयोगात या अडचणी आपोआप सरतील असा दिलासा आहे.

‘द ट्रबल इज’ किंवा ‘द ट्रबल विथ’ या सुरुवातीने येणाऱ्या वाक्यात वक्ता आता खरे कारण सांगणार असतो. ‘द ट्रबल इज, ही नेव्हर लिसन्स’ याला मराठीत ‘मेख अशी आहे की तो कोणाचे ऐकतच नाही’ असे म्हणावे.

मराठी बोलताना किंवा लिहिताना ‘ट्रबल’ तसाच वापरावा का?

बोलण्यात ‘गाडी ट्रबल देते आहे’ हे सर्रास ऐकू येते आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. गॅरेजमध्ये त्याने काम भागते. लेखनात मात्र त्याची गरज क्वचितच पडते, कारण अडचण, त्रास, तसदी, पंचाईत, कटकट, भानगड, विवंचना, बिघाड आणि संकट यांतला प्रत्येक शब्द इंग्रजी ‘ट्रबल’पेक्षा नेमके सांगतो. पाहुणे दारात आणि घरात साखर नाही ही पंचाईत आहे, संकट नव्हे. इंग्रजीत दोन्हींना ‘ट्रबल’ म्हणून भागते, मराठीत भागत नाही.